जोडण्यापूर्वीची चौकशी : जुन्या संगणक-जाळ्यांच्या इतिहासातील काही पाने

ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत संगणकाच्या तारांविषयी लेख कशासाठी, आणि तोही मराठीच्या प्राध्यापकाने लिहिलेला, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण आपल्या कार्यालयामागच्या खोलीत आहे. तेथे आच्छादनाखाली १९९० साली घेतलेला एक संगणक ठेवलेला आहे. देणगीदाखल आलेल्या जुन्या मराठी नियतकालिकांची सूची त्या काळच्या कार्यकर्त्यांनी मोठ्या कष्टाने त्यात उतरवली. पुढे मूळ कार्डे वाळवीने फस्त केली. ती सूची आज केवळ त्या पेटीतल्या चकतीवर उरली आहे, आणि ती चकती इतक्या जुन्या पद्धतीची आहे की आजच्या संगणकाला ती थेट जोडता येत नाही. फ्लॉपीवर थोडेफार नेता येते; परंतु तीस-पस्तीस वर्षे जुन्या फ्लॉप्यांच्या हवाली सगळी सूची करावी असे कोणीही जाणता मनुष्य म्हणणार नाही. तेव्हा जुना संगणक नव्यास तारेने जोडावा आणि मजकूर पलीकडे न्यावा, असा विचार पुढे आला.

विचार योग्यच आहे. मात्र ‘तार लावा आणि घ्या’ इतके ते सोपे नाही. अशा यंत्राचा प्रत्येक प्रारंभ हा त्याच्या उरलेल्या आयुष्यातून केलेला खर्च असतो. चकती किती वेळा फिरेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून बटण दाबण्यापूर्वी जेवढे कागदावर ठरवता येईल तेवढे ठरवून घ्यावे लागते : यंत्र कोणते, त्यातील कार्ड कोणते, तार कोणती, आज्ञावली कोणती आणि तिची आवृत्ती कोणती. हस्तलिखित पोथी हाती आली की संपादक अर्थाकडे वळण्यापूर्वी कागद, शाई, लिपीचे वळण आणि लेखनिकाच्या सवयी पाहतो. जुन्या यंत्राचेही तसेच आहे. आणि ही चौकशी काही आज आपण नव्याने काढलेली नाही. संगणक एकमेकांना जोडण्याची कल्पना जितकी जुनी, तितकीच ही चौकशी जुनी आहे.

१९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील आर्पा या संस्थेच्या खर्चाने चार ठिकाणचे संगणक जोडण्यात आले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिग्मा ७ होता, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एसडीएस ९४०, सांता बार्बरा येथे आयबीएम ३६०/७५ आणि युटा विद्यापीठात पीडीपी-१०. ही चार यंत्रे चार घराण्यांतली. त्यांच्या ‘शब्दाची’ लांबीदेखील सारखी नव्हती : पहिल्याचा शब्द ३२ बिटांचा, दुसऱ्याचा २४, तिसऱ्याचा ३२ आणि चौथ्याचा ३६. एकाचे शब्द दुसऱ्याच्या मापात भरताना शेवटी काही जागा रिकामी राहणारच. ती रिकामी जागा आणि खरा मजकूर यांत भेद कसा करायचा? बीबीएन या कंपनीने प्रत्येक ठिकाणी हनिवेल बनावटीचा एक मध्यस्थ संगणक बसवला होता. संदेशाचा शेवटचा बिट आला की त्यापुढे तो एक ‘१’ ठेवी आणि उरलेली जागा शून्यांनी भरी. पलीकडच्याने मागून शून्ये सोडत यायचे. पहिला ‘१’ भेटला की त्याच्या अलीकडे मजकूर संपला. साधी, पण फार हुशारीची युक्ती. मात्र ती सुचण्यासाठी चारही यंत्रांची मापे आधी कोणीतरी मांडून पाहिलेली असावी लागतात. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर यांनी या जाळ्याविषयीचे पहिले अभिप्रायार्थ टिपण लिहिले, ते याच प्रकारच्या शंकांनी भरलेले आहे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसहून ‘लॉगिन’ हा शब्द पाठवताना पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्याआधीच्या कित्येक महिन्यांची मोजमापे मात्र कोणी सांगत नाही.

या इतिहासातील माझ्या दृष्टीने सर्वांत मनोरम प्रकरण पुढचे आहे. आर्पानेटवरील यंत्रे आरंभी ज्या नियमांनी बोलत, त्यांना एनसीपी म्हणत. पुढे व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांच्या विचारातून टीसीपी/आयपी ही नवी नियमावली सिद्ध झाली आणि १ जानेवारी १९८३ पासून सर्वांनी तिच्यातच बोलावे असे ठरले. त्या दिवशी जुनी भाषा बंद. जो तयार नसेल तो जाळ्याबाहेर. जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्येच या संक्रमणाचा आराखडा प्रसिद्ध केला होता. १९८२ मध्ये तर अधूनमधून जुनी नियमावली मुद्दाम बंद करून पाहण्यात आली, म्हणजे झोपलेल्यांनी जागे व्हावे. तरीही प्रत्येक संस्था ‘आम्ही तयार आहोत’ म्हणेल, त्यावर विश्वास किती ठेवायचा? डिसेंबर १९८२ मध्ये डेव्हिड स्मॉलबर्ग यांनी या प्रश्नाचे उत्तर विचारून नव्हे, तर दार ठोठावून शोधले. त्यांची आज्ञावली यादीतील एकेका यंत्राकडे जाई आणि टीसीपीच्या मार्गाने तीन सेवांची दारे वाजवून पाही : दुरून बसून काम करण्याची टेलनेट, फाइली नेण्या-आणण्याची एफटीपी आणि टपालाची एसएमटीपी. कोणते दार उघडले, कोणी नकार दिला, कोठून काहीच उत्तर आले नाही, यांचे तक्ते त्यांनी प्रसिद्ध केले. टिपणाचे शीर्षकच ‘टीसीपी कोण बोलते?’ अशा अर्थाचे होते. पुढे ही पाहणी पुन्हा पुन्हा होत राहिली आणि १९८३ उजाडल्यावरही चालू होती. घरोघर फिरून शिरगणती करणाऱ्या कारकुनाची आठवण यावी असे हे कोरडे तक्ते आहेत. परंतु एका यंत्राला तीन वेगवेगळे प्रश्न विचारायचे, कारण एक दार उघडले म्हणून दुसरे उघडेलच असे नाही, ही दृष्टी त्यांत आहे. जुने यंत्र जोडू पाहणाऱ्याने ती उचलावी.

आता मोठ्या जाळ्याकडून एका इमारतीतल्या जाळ्याकडे वळू, कारण आपला प्रश्न एका खोलीतला आहे.

२२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि त्यात ‘ईथर’ या जुन्या भौतिकशास्त्रीय कल्पनेवरून आपल्या जाळ्याचे नाव सुचवले. डेव्हिड बॉग्स त्यांचे सहकारी होते. हवाई बेटांवर नॉर्मन एब्रमसन यांनी १९७१ मध्ये रेडिओलहरींवर उभारलेल्या अलोहानेटपासून त्यांनी प्रेरणा घेतली होती. हे पहिले ईथरनेट सेकंदाला सुमारे २९.४ लाख बिट वाहून नेई. हा विचित्र आकडा झेरॉक्सच्या ऑल्टो संगणकाच्या स्वतःच्या घड्याळावरून आलेला. ३० सप्टेंबर १९८० रोजी डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून जी नियमावली काढली, तिच्यात वेग सेकंदाला १ कोटी बिट झाला आणि यंत्राचा पत्ता ८ बिटांवरून ४८ बिटांवर गेला. नाव तेच राहिले. नावावर विसंबणाऱ्याची पहिली फसगत येथे होते : ‘ईथरनेट’ म्हणवणारी दोन यंत्रे एकमेकांशी बोलतीलच असे नाही.

दुसरी फसगत तारेची, आणि हा विषय जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे. आरंभीची तार जाड, बहुधा पिवळ्या वेष्टनाची. एका सलग तुकड्याची कमाल लांबी ५०० मीटर. तिला ठरावीक अंतरावर टोचून जोड काढीत, म्हणून त्या जोडाला ‘व्हॅम्पायर’ हे नाव पडले. तेथून यंत्रापर्यंत १५ टाचण्यांचा वेगळा दुवा. मग स्वस्त पातळ तार आली, १०बेस२ या नावाची. नावातला २ हा आकडा २०० मीटर सुचवतो, प्रत्यक्षात मर्यादा १८५ मीटरच आहे. जाहिरातीला गोल आकडा नेहमीच प्रिय. तिच्या टोकाला बीएनसी नावाचे गोल, फिरवून बसवायचे जोड असतात आणि दोन्ही शेवटांना ५० ओहमचा रोधक लावावाच लागतो. तो नसेल तर तारेच्या टोकापर्यंत गेलेला संकेत परत उलटतो आणि सारे जाळे मूक होते. येथे खरी मौज आहे. दूरदर्शन संचाची तार ७५ ओहमची. डेटापॉइंट कंपनीने १९७७ मध्ये काढलेल्या आर्कनेट या अगदी वेगळ्या जाळ्याची बहुतेक ठिकाणची तार ९३ ओहमची, आणि तिलाही तेच गोल बीएनसी जोड. तिन्ही तारा डोळ्यांना जवळजवळ सारख्या. कार्डाच्या पाठीवर गोल जोड दिसला म्हणजे ते ईथरनेट, असे मानणारा मनुष्य सेकंदाला २५ लाख बिटांच्या आर्कनेट कार्डाशी आठवडाभर झुंजत बसेल. तारेच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेला क्रमांक वाचणे हाच येथे उपाय.

१९९० मध्ये दूरध्वनीच्या जोडासारखा दिसणारा, आठ टाचण्यांचा चौकोनी जोड ईथरनेटच्या प्रमाणात आला. आजच्या जाळ्यांतही तोच वापरतात. त्यामुळे कार्डावर तो असेल तर काम हलके होते. मात्र आयबीएमच्या टोकन रिंग या जाळ्यानेही पुढे हाच जोड स्वीकारला होता, हे ध्यानात असू द्यावे. मॅकिंटॉशवाल्यांची कथा आणखी निराळी : त्यांचे १९८५ चे लोकलटॉक छपाईयंत्राच्या खोबणीतूनच चाले, सेकंदाला २,३०,४०० बिट एवढ्या वेगाने, आणि त्यास ईथरनेटला जोडायचे तर मध्ये दुभाषी यंत्र लागे. आपल्याला त्याचे कारण नाही.

आपल्या खोलीतला संगणक २८६ जातीचा आहे. त्यात कार्डासाठी ज्या खाचा असतात त्या काही ८ बिटांच्या, काही १६ बिटांच्या. त्यांपैकी एक जिस्ट कार्डाने अडवली आहे, त्याविषयी पुढे. नॉव्हेल कंपनीचे एनई१००० हे कार्ड ८ बिटांच्या खाचेचे आणि एनई२००० हे १६ बिटांच्या. दुसऱ्याच्या नकला इतक्या निघाल्या की जुन्या बाजारात ते किंवा त्याचे भावंड सहज सापडते. परंतु कार्ड खाचेत बसले म्हणजे यंत्राने ते ओळखले असे त्या काळी नव्हते. प्रत्येक कार्डाला एक पत्ता आणि प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी एक क्रमांक द्यावा लागे, आणि तो चिमुकल्या टोप्या, म्हणजे जम्पर, हलवून ठरवावा लागे. एनई२००० चा मूळचा क्रमांक ३. गंमत अशी की संगणकाच्या दुसऱ्या सिरियल खोबणीचाही क्रमांक ३ च असतो. दोघांनी एकाच वेळी हाक मारली की यंत्र गोंधळते, कधी मूकपणे, कधी काम अर्ध्यावर आल्यावर. म्हणून पेटी उघडून कोणत्या कार्डाला कोणता पत्ता आणि कोणता क्रमांक, हे वहीत लिहून घ्यायचे, आणि तेव्हाच मदरबोर्डवरील जुनी बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाल्ल्या आहेत काय हेही पाहायचे. हे सारे यंत्र बंद असताना करता येते, म्हणून ते आधी.

यंत्रसामग्रीनंतर आज्ञावली. डॉसच्या युगात कार्ड आणि वरची आज्ञावली यांच्यामधल्या दुव्याचे, म्हणजे ड्रायव्हरचे, तीन पंथ होते : पॅकेट ड्रायव्हर, मायक्रोसॉफ्ट व थ्रीकॉम यांचा एनडीआयएस आणि नॉव्हेल व ॲपल यांचा ओडीआय. एका पंथासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याच्या ड्रायव्हरवर मध्यस्थाशिवाय चालत नाही. शिवाय सगळ्यांनी ६४० किलोबाइट स्मृतीच्या त्याच खोलीत दाटीवाटीने राहायचे. त्यातून फ्रेमचा, म्हणजे माहिती ज्या पाकिटात घालून पाठवतात त्याचा, प्रश्न. १९८० च्या ईथरनेटमध्ये पाकिटावरील एका जागी आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे हे लिहीत. १९८३ मध्ये मान्य झालेल्या आयईईई ८०२.३ या प्रमाणात त्याच जागी मजकुराची लांबी लिहू लागले. सुदैवाने लांबी १५०० च्या पुढे जात नाही आणि प्रकाराचे आकडे १५३६ पासून सुरू होतात, म्हणून वाचणाऱ्याला भेद कळतो. परंतु नॉव्हेलने आपल्या नेटवेअरसाठी प्रमाण पूर्ण होण्यापूर्वीच एक अर्धवट रूप उचलले आणि पुष्कळ वर्षे तेच चालवले. नेटवेअर ३.११ पर्यंत मूळ फ्रेम एका प्रकारची, ३.१२ पासून दुसऱ्या. एकाच तारेवर, एकाच कंपनीची दोन यंत्रे एकमेकांना न दिसण्याचे कारण कित्येकदा एवढेच असे. आवृत्तीच्या शेवटच्या अंकाला क्षुल्लक मानू नये, हे पाठभेदांशी झगडणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.

आपल्या कामास टीसीपी/आयपी पुरेसे आहे. डॉससाठी त्याच्या छोट्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत आणि पॅकेट ड्रायव्हरवर त्या जुन्यात जुन्या संगणकावरही चालतात. पलीकडच्या बाजूचे मात्र पाहून घ्यावे लागते. विंडोजमध्ये फाइली वाटून घेण्याची जी जुनी पद्धत होती, तिची पहिली आवृत्ती मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ल्याच्या वर्षीच, शरदातल्या विंडोज १० पासून, मूळ मांडणीतून काढण्यात आली. जुन्या यंत्राच्या सोयीसाठी ती पुन्हा उघडणे म्हणजे आजच्या यंत्राचे दार उघडे टाकणे. काही आधुनिक वेगवान स्विचांनी तर सेकंदाला १ कोटी बिटांचा जुना वेग ओळखणेच सोडले आहे. म्हणून साधा स्विच, दोनच यंत्रे, बाहेरच्या इंटरनेटशी संबंध नाही, आणि एफटीपी.

या एफटीपीच्या निमित्ताने एक नाव आदराने घ्यावेसे वाटते. १६ एप्रिल १९७१ रोजी या नियमावलीचे पहिले टिपण लिहिणारे अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले, १९६५ चे पदवीधर. तेव्हा ते एमआयटीत होते. १९७१ सालचा तो विचार पुष्कळ सुधारणांनिशी आजही वापरात आहे. त्यात फाइल नेण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत : मजकूर म्हणून किंवा जशीच्या तशी, बिट न बिट. नियमाप्रमाणे काही न सांगितल्यास पहिला प्रकार गृहीत धरला जातो, आणि येथेच आपला घात होऊ शकतो. मजकूर म्हणून नेताना ओळ संपल्याच्या खुणा पलीकडच्या यंत्राच्या चालीप्रमाणे बदलल्या जातात. आपली सूची युनेस्कोच्या सीडीएस/आयसिस या आज्ञावलीत आहे. तिची मुख्य फाइल ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांची असते. त्या फाइलीत योगायोगाने ओळीच्या खुणेसारखी दिसणारी जोडी आली आणि वाटेत तिच्यातला एक बाइट गळला, तर पुढचा प्रत्येक ठोकळा एका घराने सरकतो आणि सगळी सूची निरर्थक होते. तारेत दोष नाही, कार्डात नाही, ड्रायव्हरमध्येही नाही. म्हणून फाइल बिट न बिट न्यायची, दोनदा न्यायची, आणि दोन्ही टोकांचे आकार व बेरजा ताडून पाहायच्या.

एवढ्याने बाइट पोहोचतील. अक्षरे पोहोचली असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या संगणकात देवनागरी उमटे ती पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे, आणि आत साठवण इस्की या भारतीय संकेतात. हा संकेत १९८८ मध्ये एका रूपात आला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने सुधारून पुन्हा प्रसिद्ध केला. दोन्ही रूपांची मांडणी आणि वर्णसंख्या पूर्णपणे एक नाही. युनिकोडने देवनागरीचा क्रम लावला तो १९८८ च्या रूपावरून. तेव्हा आपले कार्ड यांपैकी कोणत्या रूपाचे, हे त्याच्या सोबतच्या पुस्तिकेवरून ठरवल्यावाचून रूपांतराची आज्ञावली निवडता येत नाही. सुदैवाने ती पुस्तिका सापडली आहे. मराठीचा म्हणून एक खास प्रश्न उरतो. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांतला भेद आपण शाळेत शिकलो. एकात गुरू, दुसऱ्यात स्वयंपाकी. इस्कीत हा दुसरा र ‘ऱ’ या वेगळ्या वर्णाला हलन्त जोडून लिहितात, आणि युनिकोडनेही तीच रीत स्वीकारली आहे. परंतु ज्यांनी सूची भरली त्यांनी प्रत्येक वेळी योग्य कळ दाबली असेल काय, आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली एखादी रूपांतर-आज्ञावली हा भेद पाळील काय, हे नोंदी वाचल्याशिवाय कळणार नाही. सूची पलीकडे आल्यावर तिच्यातील ‘ऱ’ असलेल्या नोंदी प्रथम वेगळ्या काढाव्यात आणि त्या महाविद्यालयाच्या मराठी विभागातील विद्यार्थ्यांनी जुन्या अंकांशी ताडून पाहाव्यात, अशी सूचना मी समितीकडे लेखी दिली आहे.